बँकेच्या संचालकांना चाप लावणारे महाडचे चिंतामणराव देशमुख

महाडहून रायगड किल्ल्याकडे निघालं की वाटेत नाते गाव लागतं. याच गावात १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. वडील वकील. पोरगा १९१२ च्या मॅट्रिकला पहिला आला, पुढं केंब्रिजला शिकून आयसीएस झाला. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

तो काळ ठेवीदारांसाठी वाईट होता. महायुद्धाच्या धामधुमीत जागोजागी बँका निघाल्या अन् त्यातल्या कित्येक बुडाल्या. संचालक मंडळात बसलेले शेठ लोकांच्या ठेवी आपल्याच कंपन्यांना कर्ज म्हणून द्यायचे. देणारा तोच, घेणारा तोच. मग वसुलीला जाणार कोण? बुडायचा तो ठेवीदार.

देशमुखांच्या कारकिर्दीतच १९४६ च्या वटहुकमानं रिझर्व्ह बँकेला बँकांची दप्तरं तपासायचा अधिकार मिळाला. १९४९ मध्ये बँकिंग कायदा आला. संचालकांना किंवा त्यांचा हितसंबंध असलेल्या फर्मना विनातारण कर्ज द्यायला त्यानं बंदी घातली.

१९५० मध्ये देशमुख देशाचे अर्थमंत्री झाले. १९५६ च्या कंपनी कायद्यात तोच धडा होता: ज्या व्यवहारात संचालकाचा स्वतःचा फायदा आहे, तो त्यानं बैठकीत उघड करायचा अन् त्यावर मत द्यायचं नाही. विमा कंपन्यांतही मालक मंडळी लोकांचे हप्ते आपल्या धंद्यात वळवत होती. पैसा हलवायला कुणाला सवड मिळू नये म्हणून बेत गुप्त ठेवला गेला. १९ जानेवारी १९५६ ला वटहुकूम निघाला अन् देशमुखांनी रेडिओवरून ते जाहीर केलं. २४५ विमा संस्थांचा कारभार सरकारकडं आला, त्यातूनच एलआयसी उभी राहिली.

त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं. पुढं १९५७ मध्ये एलआयसीनंच हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे शेअर घेतले आणि मोठं प्रकरण झालं. छागला आयोगाची चौकशी लागली, अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावं लागलं. मालक सरकार असलं तरी राखणदार लागतोच, हे दिसून आलं. १९५९ मध्ये देशमुखांनी भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासायला कायमचं न्यायमंडळ नेमा, अशी मागणी केली. पंतप्रधान नेहरूंनी ती मानली नाही. २ ऑक्टोबर १९८२ रोजी देशमुखांचं निधन झालं.

१९४९ चा तो कायदा सहकारी बँकांना १९६६ पासून लागू झाला. गावोगावच्या पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या नाही, तर सहकार खात्याच्या देखरेखीखाली आहेत. तरी तिथंही कायदा आहे. संचालकांना आणि त्यांच्या घरच्यांना किती कर्ज दिलं, याची यादी वार्षिक सभेपुढं ठेवणं संस्थेला बंधनकारक आहे. ती यादी सभेत वाचली जाते का, हे बघायचं काम सभासदांचं. चहा-नाश्ता करून, सही ठोकून घरी आलं, तर देशमुखांनी झटून उभा केलेला नियम कागदावरच राहतो.