प्रवाशांचा सांगाती : थॉमस कुक

शाळेची सहल ठरली, की वर्गशिक्षक प्रत्येकाकडून ठरावीक रक्कम गोळा करतात, सवलतीची तिकिटे काढतात, मुक्कामाची व जेवणाची व्यवस्था अगोदर करून ठेवतात आणि गाडीत चढताना व उतरताना सर्वांची मोजणी करतात. एकट्या मुलाला जो प्रवास परवडला नसता, तो पन्नास जणांच्या संगतीने सहज घडून येतो. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तीत काही नवल आहे असे आपणांस वाटतच नाही. परंतु सुमारे एकशे ऐंशी वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका गरीब कारागिराने हीच युक्ती आगगाडीच्या प्रवासाला लावली आणि तिच्या जोरावर पुढे साऱ्या पृथ्वीचे दरवाजे सामान्य माणसांसाठी उघडले. त्या कारागिराचे नाव थॉमस कुक.

थॉमसचा जन्म २२ नोव्हेंबर १८०८ रोजी डर्बीशर परगण्यातील मेलबर्न या लहानशा गावी झाला. तो अगदी लहान असतानाच त्याचे वडील वारले. घरची स्थिती ओढग्रस्तीची असल्यामुळे दहाव्या वर्षीच त्याला शाळा सोडावी लागली. तो एका माळ्याच्या हाताखाली काम करू लागला. दिवसभर राबल्यावर त्याच्या हातावर एक पेनी पडे. चौदाव्या वर्षी तो आपल्या एका नातलगाकडे लाकडाचे कातकाम शिकू लागला. लाकूड चरकावर धरून त्याला घाट देण्याचे हे काम मोठ्या निगुतीचे असते. मन स्थिर ठेवून नेटके काम करण्याची सवय त्याला येथेच लागली.

थॉमस धर्मशील वृत्तीचा होता. विसाव्या वर्षी तो बाप्टिस्ट पंथाचा फिरता उपदेशक झाला. खेडोपाडी जाऊन धर्मग्रंथ वाचून दाखवावयाचे, मुलांच्या रविवारच्या शाळा चालवावयाच्या, असे त्याचे काम असे. १८२९ या एका वर्षात त्याने सुमारे २,७०० मैलांचा प्रवास केला आणि त्यातील २,१०० मैल तो पायी चालला! पुढे पंथाजवळचा पैसा सरला, तेव्हा तो कुरकुर न करता पुन्हा आपल्या कातकामाकडे वळला. १८३३ साली मेरियान मेसन या तरुणीशी त्याचा विवाह झाला आणि मार्केट हारबरो या गावी त्यांनी संसार थाटला.

त्या काळी इंग्लंडमध्ये नवे कारखाने झपाट्याने वाढत होते. मजूर बारा-बारा तास यंत्रापुढे उभे राहत. विसाव्याच्या दिवशी त्यांना जावयास दुसरी जागा नसे. म्हणून ते गुत्त्याची वाट धरीत आणि आठवड्याची कमाई तेथे ठेवून रिकाम्या हातांनी घरी परतत. दारूपायी उद्ध्वस्त झालेली कुटुंबे पाहून कुकचे मन कळवळे. त्याने स्वतः मद्य न पिण्याची शपथ घेतली आणि दारूबंदीच्या चळवळीत तो हिरिरीने काम करू लागला. परंतु नुसत्या उपदेशाने व्यसन सुटत नाही, माणसाला गुत्त्याहून अधिक आनंदाची जागा दाखविली पाहिजे, हे त्याला उमगले होते.

९ जून १८४१ रोजी दारूबंदीच्या एका सभेसाठी तो मार्केट हारबरोहून लेस्टर शहराकडे निघाला होता. अंतर पंधरा मैलांचे आणि प्रवास नेहमीप्रमाणे पायी. चालता चालता त्याच्या मनात विचार आला, की नुकतीच सुरू झालेली आगगाडी या कार्यासाठी उपयोगात आणता आली तर? लेस्टरच्या लोकांनाच गाडीत बसवून दुसऱ्या गावच्या मेळाव्याला का नेऊ नये? सभेत त्याने हा विचार मांडला आणि सर्वांनी तो उचलून धरला. मग कुकने रेल्वे कंपनीच्या चिटणीसाची भेट घेतली. रिकामे डबे धावण्यापेक्षा भरलेले डबे कमी भाड्याने धावले, तरी त्यात कंपनीचा लाभच आहे, हे त्या चिटणीसाला पटले.

५ जुलै १८४१ चा दिवस उजाडला. लेस्टरच्या स्थानकावर सुमारे पाचशे माणसे जमली. लफबरो हे गाव तेथून अकरा-बारा मैलांवर. जाण्यायेण्याचे भाडे होते अवघे एक शिलिंग. बालपणी एका पेनीसाठी दिवसभर राबलेल्या कुकला बारा पेनींच्या शिलिंगाची किंमत कोणी सांगावयास नको होती. त्याहून अधिक भाडे गरिबाला झेपणार नाही, हे तो ओळखून होता. वाद्यांच्या गजरात गाडी सुटली. लफबरोला एका बागेत चहा-फराळ, खेळ आणि भाषणे झाली. रात्री सर्वजण आनंदाने घरी परतले आणि मद्याचा एक थेंबही कोणाच्या पोटात गेला नव्हता.

आगगाडीच्या सहली त्यापूर्वीही निघत असत. पण एका माणसाने साऱ्या प्रवासाची जबाबदारी आपल्या शिरावर घ्यावी आणि अखेरपर्यंत प्रवाशांच्या सोबत राहावे, ही कुकची रीत लोकांना फार भावली. तो लेस्टरला राहावयास आला आणि तेथे त्याने छापखाना व पुस्तकांचे दुकान काढले. १८४५ साली त्याने लिव्हरपूलची सहल काढली, तेव्हा मात्र तो व्यवसाय म्हणून या क्षेत्रात उतरला. निघण्यापूर्वी तो स्वतः त्या मार्गाने जाऊन आला, उतरण्याची ठिकाणे त्याने पारखली आणि प्रवाशांसाठी माहितीचे एक पुस्तक छापले.

पुढच्या वर्षी त्याने स्कॉटलंडचा बेत आखला. साडेतीनशे प्रवासी निघाले. काही अंतर आगगाडीने, मग आगबोटीने आणि पुन्हा आगगाडीने जावयाचे होते. येथे मात्र कुकचे गणित चुकले. आगगाडीत शौचकूप नव्हते. वाटेत मिळावयाचा चहा मिळाला नाही. आगबोटीवर खोल्या पुरल्या नाहीत आणि कित्येकांना वादळी रात्र उघड्या फळ्यांवर भिजत काढावी लागली. ग्लासगो शहरात तोफा उडवून त्यांचे स्वागत झाले. पण रात्रीचे हाल प्रवासी कसे विसरणार? त्याच वर्षी, १८४६ साली, कुकचे दिवाळे निघाले.

दुसरा एखादा या आघाताने खचून गेला असता. कुकने मात्र आपली चूक मनाशी कबूल केली. जो दुसऱ्याचे पैसे आगाऊ घेतो, त्याने दिलेल्या शब्दातील चहाचा पेलासुद्धा चुकता कामा नये, हा धडा त्याने घेतला. तो पुन्हा स्कॉटलंडला गेला आणि वर्षानुवर्षे जात राहिला. आयोना बेटावरील कोळ्यांचे दारिद्र्य पाहून त्याने आपल्या प्रवाशांकडून वर्गणी जमविली आणि त्या कोळ्यांना मासेमारीच्या होड्या मिळवून दिल्या.

१८५१ साली लंडनला एक भव्य जागतिक प्रदर्शन भरले. ते मजुरांनीही पाहावे, अशी कुकची तळमळ होती. त्याने आणि त्याचा तरुण मुलगा जॉन मेसन याने गावोगावी बचतीच्या मंडळ्या काढल्या. मजुरांनी दर आठवड्याला थोडे थोडे पैसे भरावे आणि पुरेशी रक्कम साठली म्हणजे लंडनला जावे, अशी ही योजना होती. सहलींची माहिती देणारे एक वृत्तपत्रही त्याने सुरू केले. कुकच्या व्यवस्थेने सुमारे दीड लाख माणसांनी ते प्रदर्शन पाहिले. त्यांतील कित्येकांनी आपला परगणा त्यापूर्वी कधी ओलांडलाही नव्हता.

यानंतर कुकची दृष्टी समुद्रापलीकडे गेली. १८५५ साली त्याने युरोप खंडाची पहिली सहल नेली. तीत त्याला तोटाच आला. तरीही त्याने धीर सोडला नाही. १८६३ साली त्याची मंडळी स्वित्झर्लंडमध्ये पोहोचली आणि पुढील वर्षी इटलीत. या प्रवाशांत स्त्रियांची संख्या मोठी होती. घरातील पुरुष सोबत असल्यावाचून स्त्रीने प्रवास करू नये, असा त्या काळचा दंडक होता. कुकच्या संगतीने मात्र त्या निर्धास्तपणे निघत. जेमायमा मॉरेल या तरुणीने स्वित्झर्लंडच्या पहिल्या सहलीची रोजनिशी लिहिली. पायघोळ झगे सावरीत बर्फावरून चालणाऱ्या त्या स्त्रियांचे धाडस तिच्यामुळे आपणांस कळते.

हे सारे काहींना रुचले नाही. देशाटन हा आपलाच अधिकार आहे, असे श्रीमंत लोक समजत. इटलीत राहणारा चार्ल्स लेव्हर नावाचा कादंबरीकार तर या प्रवाशांना मेंढरांची उपमा देऊ लागला. वसाहती कैदी घेत नाहीत, म्हणून कुक त्यांना इटलीत आणून सोडतो, अशी थट्टाही त्याने छापली. कुकने लेखणीनेच त्याला उत्तर दिले. पर्वत, सरोवरे आणि प्राचीन मंदिरे ही काही मूठभरांची मिरास नव्हे, असे त्याचे म्हणणे होते.

परदेशी गेलेल्या माणसाला दोन अडचणी हटकून येतात : भाषा कळत नाही आणि नाणी ओळखता येत नाहीत. यावर कुकने सोपे उपाय शोधले. खाणावळीची छापील कुपने तो आधीच विकत असे. ती दाखविली, की घासाघीस न करता जेवण आणि बिछाना मिळे. एकाच तिकिटावर अनेक कंपन्यांच्या गाड्यांतून फिरता येईल, अशी सोय त्याने केली. १८७४ पासून त्याच्या पेढीने खास पत्रे काढली. ती परगावच्या पेढीवर वा खाणावळीत देऊन तेथील चलन घेता येई. त्यामुळे रोख रक्कम बाळगण्याचे भय उरले नाही.

१८६९ साली कुक इजिप्त व पॅलेस्टाइन येथे मंडळी घेऊन गेला. नाईल नदीतून जाण्यासाठी त्याने दोन आगबोटी भाड्याने घेतल्या होत्या. त्याच वर्षी अमेरिकेत या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत लोहमार्ग पुरा झाला आणि सुवेझचा कालवा खुला झाला. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता ही शहरेही लोहमार्गाने जोडली गेली. पृथ्वीभोवतीची वाट जणू तयार झाली होती.

२६ सप्टेंबर १८७२ रोजी कुक लहानशी मंडळी घेऊन लिव्हरपूलहून आगबोटीने निघाला. तेव्हा त्याला चौसष्टावे वर्ष सरत आले होते. अमेरिका ओलांडून ही मंडळी जपान, चीन, सिंगापूर आणि सिलोन या देशांना गेली. जपानच्या अंतर्समुद्राचे सौंदर्य पाहून कुक मुग्ध झाला. पुढे त्यांनी हिंदुस्थानात काशी, आग्रा, दिल्ली ही नगरे पाहिली आणि मुंबईहून आगबोटीने ते सुवेझकडे गेले. हा सारा प्रवास २२२ दिवसांचा झाला. नवल असे, की त्याच सुमारास फ्रान्समध्ये ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांतील पृथ्वीप्रदक्षिणेची कादंबरी वृत्तपत्रातून क्रमशः प्रसिद्ध होत होती.

कुकचे उत्तरायुष्य मात्र सुखाचे गेले नाही. मुलगा जॉन मेसन हा कर्तबगार, पण हिशेबाला काटेकोर होता. व्यवसायातील पैसा धर्मकार्यात खर्चावा, हे त्याला मान्य नव्हते. बापलेकांत दुरावा वाढला आणि १८७९ च्या सुमारास थॉमसने कारभार सोडला. पाठोपाठ मुलगी ॲनी आणि पत्नी मेरियान यांचे निधन झाले. त्याची दृष्टीही गेली. जगाला जग दाखविणाऱ्या या माणसाच्या डोळ्यांपुढे अखेरीस अंधार होता! तशाही स्थितीत त्याने आपल्या जन्मगावी गरिबांसाठी चौदा छोटी घरे बांधविली. १८ जुलै १८९२ रोजी लेस्टर येथे त्याने इहलोकीची यात्रा संपविली.

दरम्यान त्याच्या पेढीचे कार्यालय १८८१ साली मुंबईतही उघडले होते. १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने मुंबईहून जिद्दाला जाणाऱ्या हज यात्रेकरूंची व्यवस्था या पेढीकडे सोपविली. बोटींतील गर्दी, रोगराई आणि दलालांची लूट यांनी हे यात्रेकरू गांजलेले असत. या कामात तोटा येत असल्याने पेढीने काही वर्षांनी ते सोडले. पण यात्रेकरूंचे हाल कमी व्हावेत, यासाठी तो एक प्रामाणिक प्रयत्न होता.

इंग्लंडमधील ती पेढी पुढे अनेक हातांतून गेली आणि कर्जाच्या ओझ्याखाली २३ सप्टेंबर २०१९ रोजी बंद पडली. त्या दिवशी तिचे दीड लाखांहून अधिक ब्रिटिश प्रवासी परदेशी होते. त्यांना सरकारला घरी आणावे लागले. संस्था मोठी झाली, तरी स्कॉटलंडच्या वाटेवर कुकने घेतलेला धडा जुना होत नाही. अनेकांनी मिळून थोडे थोडे दिले, तर दूरचा प्रवासही जवळचा होतो. पण ते पैसे जो हाती घेतो, त्याने प्रत्येकाला सुखरूप घरी पोहोचविण्याचा भारही घेतलेला असतो. पुढील सहलीच्या वेळी गाडी सुटण्यापूर्वी तुमचे गुरुजी पुन्हा एकदा सर्वांची मोजणी करू लागतील, तेव्हा पायी चालत लेस्टरला निघालेल्या त्या कारागिराची आठवण तुम्हांला अवश्य होईल.