गाडीला स्वतःची उंची शिकवणारा पॉल माझेस

खाचखळग्यांतून धावणारी एअर सस्पेन्शनची फोर व्हील ड्राइव्ह गाडी कधीकधी एका कोपऱ्यावर खाली बसलेल्या अवस्थेत गॅरेजमध्ये येते. हवेची पिशवी शाबूत असते, कॉम्प्रेसरही सुरू असतो. बिघडलेला असतो तो चाकाजवळचा छोटासा हाइट सेन्सर. चिखलपाण्याने निकामी झालेला हा सेन्सर बदलला तरी काम संपत नाही. गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे लागते आणि ते गाडीतील संगणकाला नव्याने सांगावे लागते. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. आपण जमिनीपासून किती उंचीवर आहोत हे गाडीने स्वतः ओळखावे आणि चूक स्वतःच दुरुस्त करावी, ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधी प्रत्यक्षात आणणाऱ्या फ्रेंच तंत्रज्ञाचे नाव पॉल माझेस.

माझेस यांचा जन्म 1908 चा. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. वयाच्या सतराव्या वर्षी, 1925 मध्ये, ते सित्रोएन कंपनीत दाखल झाले आणि पुढे तिच्या संशोधन विभागात पोहोचले. 1942 मध्ये फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना कंपनीचे प्रमुख पिएर बुलांझे यांनी ब्रेक आणि सस्पेन्शनच्या विकासाचे काम त्यांच्यावर सोपवले. पदवीधरांच्या गर्दीत एका पदवी नसलेल्या माणसावर टाकलेला हा विश्वास पुढे सार्थ ठरला.

त्यांच्यापुढचा प्रश्न जुनाच होता. स्प्रिंग मऊ ठेवली तर रिकामी गाडी सुखाने चालते, पण माणसे आणि सामान चढताच मागून बसते. स्प्रिंग कडक केली तर भार पेलतो, मात्र प्रवाशांची हाडे खिळखिळी होतात. गाडी जितकी हलकी, तितकी ही अडचण मोठी. माझेस यांनी पोलादी स्प्रिंगच बाजूला सारली. धातूच्या गोलकात नायट्रोजन वायू कोंडला, रबरी पडद्याच्या दुसऱ्या बाजूला दाबाखालचे तेल ठेवले. वायूने धक्के झेलायचे आणि तेलाने गाडी उचलून धरायची, अशी ही विभागणी होती.

पण किती तेल आत सोडायचे आणि किती बाहेर काढायचे, हे ठरवणार कोण? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे उंची-नियंत्रक. पुढच्या आणि मागच्या अँटी-रोल बारला जोडलेली एक बारीक दांडी गाडी खाली-वर होताच एक झडप सरकवते. गाडी बसली की तेल आत येते, वर उचलली गेली की बाहेर जाते, योग्य उंची मिळाली की झडप बंद होते. दांडी बारच्या मध्यभागी जोडलेली असल्याने वळणावर गाडी कलली तरी नियंत्रकाची दिशाभूल होत नसे. शिवाय झडप मुद्दाम संथ ठेवलेली होती. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला तिने उत्तर दिले असते, तर गाडी सतत डुचमळत राहिली असती. दांडीची पकड सैल करून मेकॅनिकला उंची पुन्हा जुळवून देता येई. आजच्या कॅलिब्रेशनचे ते यांत्रिक रूप होते.

बुलांझे यांना या कामाचे फळ पाहता आले नाही. 1950 मध्ये मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. 1954 मध्ये ही रचना प्रथम एका जुन्या मॉडेलच्या मागच्या चाकांना बसवली गेली. ऑक्टोबर 1955 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात चारही चाकांवर ती घेऊन डीएस अवतरली आणि पहिल्याच दिवशी सुमारे 12,000 मागण्या नोंदवल्या गेल्या. सुरुवातीचे दिवस मात्र खडतर होते. तेलगळती होई, ओलावा शोषणाऱ्या तेलामुळे भाग गंजत, गावोगावच्या मेकॅनिकांना ही यंत्रणा उमगत नसे. 1960 च्या दशकात हिरवे खनिज तेल आल्यावर गंजाचा त्रास बराच कमी झाला.

या यंत्रणेची सर्वांत कठोर परीक्षा 22 ऑगस्ट 1962 रोजी झाली. पॅरिसजवळ प्ती-क्लामार येथे राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल यांच्या डीएसवर मारेकऱ्यांनी गोळ्यांचा वर्षाव केला. टायर फुटले, तरीही चालकाने गाडी वेगाने बाहेर काढली. द गॉल आणि त्यांच्या पत्नी सुखरूप राहिले. चालकाच्या कौशल्याबरोबरच या सस्पेन्शनलाही त्याचे श्रेय दिले जाते.

1965 मध्ये रोल्स-रॉइसने सिल्व्हर शॅडोसाठी सित्रोएनच्या परवान्याखाली उंची राखण्याचे तंत्र वापरले. 1992 मध्ये रेंज रोव्हरमध्ये इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शन आले, तेव्हा तेलाची जागा हवेने आणि दांडी-झडपेची जागा सेन्सर व संगणकाने घेतली. उंची मोजा, ठरलेल्या मापाशी ताडून पाहा, फरक भरून काढा, हा क्रम मात्र तोच राहिला.

माझेस 1999 मध्ये निवर्तले. डीएसचे नाव घेताच तिच्या देखण्या बांध्याची आठवण निघते. तो बांधा रस्त्यावर समतोल राखणारा माणूस तुलनेने पडद्याआड राहिला. यंत्र कितीही सामर्थ्यवान असले तरी आपण नेमके कोठे उभे आहोत, याची खरी खबर त्याला मिळालीच पाहिजे, हे त्यांनी दाखवून दिले. सेन्सर बदलल्यानंतर मोजपट्टी घेऊन चाकाशेजारी उकिडवा बसणारा मेकॅनिक त्यांचेच काम पुढे नेत असतो.