शिरोड्याचे खांडेकर मास्तर

खेड्यातल्या शाळेत नोकरी लागली की माणूस तिथेच संपला, असे आपल्याकडे नेहमी बोलले जाते. सीमाभागातल्या मराठी शाळेतला मास्तर असेल, तर मग विचारायलाच नको. अशा वेळी वि. स. खांडेकरांचे चरित्र मुद्दाम आठवावे. मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळवून देणारा हा लेखक अठरा वर्षे एका खेड्यात मास्तर होता, आणि त्याच्या हाती पदवीही नव्हती.

खांडेकरांचा जन्म ११ जानेवारी १८९८ रोजी सांगलीत झाला. मूळ नाव गणेश आत्माराम. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. पुढे ते चुलते सखाराम खांडेकर यांना दत्तक गेले आणि विष्णू सखाराम झाले. मॅट्रिकनंतर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले खरे, पण पैशाअभावी शिक्षण अर्धवट सोडावे लागले. हुशार मुलाचे शिक्षण पैशासाठी थांबणे म्हणजे काय, हे आपल्या गावांतल्या किती घरांना ठाऊक आहे, हे सांगायला नको.

१९२० साली ते वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. शिरोडे म्हणजे समुद्रकाठचे गाव. माडाच्या बागा, मिठागरे आणि काही मैलांवर पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्याची हद्द. म्हणजे तेही एका सीमेवरचेच गाव. वाङ्मयाच्या बैठका पुण्या-मुंबईला व्हायच्या. शिरोड्याच्या मास्तरांपुढे होती ती गरीब घरची मुले आणि त्यांचे आईबाप.

पण शिक्षकाला वर्गात जे दिसते, ते दुसऱ्या कुणाला दिसत नाही. हजेरी घेताना कोण गैरहजर आहे हे कळते, आणि का गैरहजर आहे तेही कळते. लावणीच्या दिवसांत कोणते बाक रिकामे पडतात, फी मागितली की कोणाची मान खाली जाते, कोणती हुशार मुलगी पुढच्या वर्षी पटावर नसणार, हे सारे मास्तराला न विचारता समजते. कादंबरीला लागणारे दुःख, स्वाभिमान आणि आशा हजेरीपटातच असतात. खांडेकरांना शिरोड्याने ही दृष्टी दिली. दारिद्र्य आणि विषमता त्यांना पुस्तकात शोधावी लागली नाही. १९३० साली शिरोड्याच्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हाही ते तिथेच शिकवीत होते. ध्येयवादी तरुण आणि त्याच्या वाटेत उभा राहणारा व्यवहार, हा त्यांच्या लेखनाचा कायमचा विषय झाला.

त्यांना हात दिला तो सावंतवाडीच्या 'वैनतेय' साप्ताहिकाने. छोटे पत्र, पण त्यात खांडेकरांनी भरपूर लिहिले. 'हृदयाची हाक' ही पहिली कादंबरी १९३० साली आली, पाठोपाठ 'कांचनमृग', आणि १९३४ मध्ये 'उल्का' व 'दोन ध्रुव'. ही सारी पुस्तके शिक्षकी सांभाळून लिहिलेली आहेत. १९३८ मध्ये ते शाळा सोडून कोल्हापूरला गेले आणि चित्रपटकथा लिहीत राहिले. तरी मास्तर त्यांच्यातून गेला नाही. १९५४ च्या 'अश्रू' या कादंबरीचा नायक प्रामाणिकपणे जगू पाहणारा एक गरीब शाळामास्तरच आहे. शाळा सोडून सोळा वर्षे झाल्यावरही नायक म्हणून त्यांना शिक्षकच दिसला.

१९४१ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९५९ मध्ये 'ययाति' प्रसिद्ध झाली, तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना जाहीर झाला. शेवटच्या वर्षांत दृष्टी गेली, पण लेखन थांबले नाही. २ सप्टेंबर १९७६ रोजी ते गेले.

आणखी एक गोष्ट आपण सीमाभागातल्यांनी ध्यानात ठेवावी. का. श्री. श्रीनिवासाचार्यांनी त्यांची पुस्तके तमिळमध्ये नेली, गोपाळराव विद्वांसांनी गुजरातीत. तमिळ घरांत तर ती आपलीच मानून वाचली गेली. मराठी खेड्यातली ही माणसे भाषेची हद्द ओलांडून गेली, आणि त्यामुळे ना मराठी कमी झाली ना तमिळ.

आमच्या शाळांत मुले आजही निबंधासाठी गाईड उघडतात आणि कधी न पाहिलेल्या बागेचे वर्णन उतरवतात. घरी म्हैस व्यालेली असते, बापाने ऊस तोडलेला असतो, आजी दोन भाषांत भांडत असते. यातले काही वहीत येत नाही, कारण हे लिहिण्यासारखे आहे असे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. ते सांगणे आपले, शिक्षकांचे काम आहे. पट घटतो आहे, खोल्या गळताहेत, हे खरेच. त्यासाठी अर्ज, निवेदने चालूच राहतील. पण जी मुले आज बाकावर बसली आहेत, त्यांच्या हातून एक तरी पान स्वतःच्या घराविषयी, स्वतःच्या मराठीत लिहून घ्यावे. सुरुवात उद्याच्या तासापासून करता येईल.