केतकरांचा ब्रह्मा

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला विष्णूने लवणासुराचा वध केला, अशी कथा आहे. दैत्यसूदन मंदिर त्याची खूण. तिथले सरोवर उल्कापाताने झाले, हे विज्ञानाने पुढे सांगितले. ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी केतकरांनी हा क्रम उलटा केला. आधी गणित मांडले, मग त्याला देवाचे नाव दिले.

१८५४ साली जन्मलेल्या केतकरांचा पेशा शिक्षकाचा. पंचांगातले ग्रहण आणि आकाशातले ग्रहण जुळेना, तेव्हा त्यांनी आधुनिक वेधांशी जुळणारे ग्रहगणित संस्कृतात रचले. १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह वर्तवले: ब्रह्मा आणि विष्णू. गुरूच्या उपग्रहांच्या गतींत लाप्लासला दिसलेले प्रमाण त्यांनी दूरच्या ग्रहांना लावले. ब्रह्माची प्रदक्षिणा २४२ वर्षांची निघाली. मार्च १९३० मध्ये प्लूटोचा शोध जाहीर झाला. त्याची प्रदक्षिणा २४८ वर्षांची. त्याच ऑगस्टमध्ये केतकर वारले.

अभिमानाने ऊर भरून येतो. पण हिशेब पुरता तपासावा. नेपच्यूनशी प्लूटोचे प्रमाण २:३ आहे. उत्तर जवळ आले, रीत चुकली. २००६ मध्ये प्लूटो बटुग्रह ठरला, विष्णू सापडलाच नाही. २०१६ पासून नव्या गणिताने नवव्या ग्रहाचा शोध चालू आहे.

गणिताने आकाशाशी जुळलेच पाहिजे, हा केतकरांचा जन्मभराचा आग्रह. त्यांच्या ब्रह्मालाही तोच कस लावणे, हाच त्यांचा खरा मान.