कान्हेरे यांचे पिस्तूल

नेवासे तालुक्यातील प्रवरासंगमापाशी गोदावरी ओलांडली, की एके काळी इंग्रजांचा मुलूख संपून निजामाचे राज्य सुरू होत असे. आज पुलावरून भरधाव जाणाऱ्या वाहनांना ही सीमा जाणवतही नाही. एक तीर अहिल्यानगर जिल्ह्यात, दुसरा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, एवढाच काय तो फरक. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मात्र या पाण्याच्या रेषेला अर्थ होता. नदीच्या पलीकडे, औरंगाबादेत, चित्रकला शिकणारा एक सडपातळ तरुण राहत होता. त्याच गोदावरीच्या वरच्या अंगाला, नाशिकमध्ये, 21 डिसेंबर 1909 रोजी रात्री त्याने जिल्ह्याचे कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. अनंत लक्ष्मण कान्हेरे हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते या एका रात्रीमुळे. त्यांच्या हातातील वस्तूविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. वास्तविक ती वस्तू नीट समजून घेतल्याशिवाय ही सारी हकिगत पुरती उमगत नाही.

कान्हेरे मूळचे कोकणातले, खेड तालुक्यातील आयनी गावचे. शिक्षणाच्या निमित्ताने ते लहानपणीच घाट चढून निजामाच्या राज्यात आले. आधी निजामाबाद आणि मग औरंगाबाद. स्वभाव भावनाप्रधान. मित्रप्रेम या नावाची एक कादंबरीही त्यांनी लिहिली होती. शाळकरी वयात कादंबरी लिहायला बसणारा मुलगा गुप्त मंडळीच्या नजरेस पडावा, यात आश्चर्य नाही. अशा मंडळींना हिशेबी माणसे नकोच असतात. नाशिकच्या अभिनव भारताशी संबंध असलेल्या तरुणांनी त्यांना हेरले. त्यांच्या सोशिकपणाची परीक्षा म्हणून पेटत्या दिव्याच्या तापलेल्या काचेवर हात धरायला लावल्याचे आणि त्यांनी तो मागे न घेतल्याचे सांगितले जाते.

हत्याराचा प्रश्न त्या काळी सोपा नव्हता. 1878च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याविना बंदूक बाळगता येत नसे. चोरट्या मार्गाने मिळे ते बहुधा जुने रिव्हॉल्व्हर. रिव्हॉल्व्हर भरवशाचे खरे, पण लपवायला अवघड. मधोमध फिरणाऱ्या चाकाचा फुगवटा कपड्यांखालून दिसतो, मागचा घोडा बाहेर काढताना अस्तरात अडकतो, आणि लष्करी वेब्ली असेल तर वजन किलोच्या पुढे. त्याची गोळी जड, सुमारे 17 ग्रॅमची, धक्काही तसाच. नवख्या मनगटाला दुसरा बार पहिल्याच जागी मारणे साधत नाही.

दुसरा मार्ग बाँबचा. आपल्याच नगर जिल्ह्यातील पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, पुढे सेनापती म्हणून ओळखले गेलेले, 1908 मध्ये विलायतेहून बाँबची कृती घेऊन परतले होते. पण त्याच वर्षी 30 एप्रिलला मुझफ्फरपूरला काय झाले ते देशाने पाहिले. किंग्जफर्डसाठी फेकलेल्या बाँबने दोन निरपराध स्त्रियांचा बळी घेतला. बाँबला माणूस ओळखता येत नाही.

युरोपात मात्र तोवर वेगळेच हत्यार बाजारात आले होते. अमेरिकेतील युटा प्रांतात बंदुका घडविणाऱ्याच्या घरी जन्मलेल्या जॉन ब्राऊनिंग या कारागिराच्या आराखड्यावरून बेल्जममधील लिएजजवळच्या कारखान्याने 1900 पासून एक चपटे स्वयंचलित पिस्तूल विकायला आणले. चाक नाही, सात काडतुसे मुठीच्या आत एकावर एक. बाहेर घोडा नाही, त्यामुळे कापडात अडकायला काही नाही. नळी चारएक इंचांची, वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. आणखी एक गोष्ट जाणकारांच्याच लक्षात येई. या पहिल्या नमुन्यात धक्का झेलणारी स्प्रिंग वर आणि नळी तिच्या खाली बसविलेली होती. नळी हाताच्या जितकी जवळ, तितके बार उडाल्यावर पिस्तुलाचे तोंड कमी उसळते. आजकाल काही लहान पिस्तुलांच्या नळीला वरच्या बाजूने भोके पाडतात, ती याच कारणासाठी. वायू वर फेकला जातो आणि तोंड खाली दाबले जाते. पण त्याची किंमत रात्री डोळे दिपविणाऱ्या जाळाने आणि वाढलेल्या आवाजाने मोजावी लागते; अंगालगत धरून झाडल्यास तो जाळ झाडणाऱ्याच्याच चेहऱ्याकडे येतो. ब्राऊनिंगने हेच बऱ्याच अंशी भोकांवाचून साधले होते.

उणिवाही होत्या. 7.65 मिलिमीटरची गोळी पाच ग्रॅमही भरत नसे; एका गोळीत माणूस कोसळेलच याची खात्री नाही. काडतूस सदोष निघाले तर रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की काम होते, येथे दोन्ही हात लावून अडकलेले काडतूस काढावे लागते. शिवाय सुरक्षा-खटका आहे. ऐन वेळी तो सरकवायचा राहिला तर सारेच संपले. म्हणजे लांबच्या लढाईला हे हत्यार कुचकामी. पण गर्दीत, दोन हातांवरून, अनोळखी तरुणाने अंगावर लपवून न्यायचे असेल तर याच्यासारखे दुसरे नव्हते. फिनलंडमध्ये 1904 साली गव्हर्नर जनरल बोब्रिकोव्ह याच जातीच्या पिस्तुलाने मारला गेला. नाशिकच्या घटनेच्या दोनच महिने आधी, 26 ऑक्टोबर 1909 रोजी, हार्बिनच्या रेल्वे स्थानकावर कोरियाच्या आन जुंग-गुन यांनी जपानच्या इतो हिरोबुमींना टिपले तेही ब्राऊनिंगनेच. शेकडो कोसांवरच्या या माणसांना एकमेकांची नावेही ठाऊक नसतील. पण त्यांच्यासमोरचा प्रश्न एकच होता आणि उत्तरही एकच निघाले.

विनायक दामोदर सावरकर तेव्हा लंडनला बॅरिस्टरीचा अभ्यास करीत होते. 1909च्या आरंभी त्यांनी पॅरिसहून वीस ब्राऊनिंग पिस्तुले आणि काडतुसे मिळविली. इंडिया हाउसमध्ये स्वयंपाकाचे काम करणारे चतुर्भुज अमीन हिंदुस्थानात परतत होते; त्यांच्या सामानातील एका पेटीला दुहेरी तळ करून त्यात ती दडविण्यात आली. वीस रिव्हॉल्व्हर त्या तळात बहुधा मावलीच नसती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पेटी मुंबईला सुखरूप उतरली. नेमक्या त्याच दिवसांत थोरले बंधू बाबाराव सावरकर पकडले गेले होते. त्यांच्यावरचा खटला जॅक्सन यांच्याच हातून पुढे गेला आणि जूनमध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. काही कविता छापल्याबद्दल जन्मठेप, हे नाशिकच्या तरुणांच्या जिव्हारी लागले.

जॅक्सन हे काही साधे गोरे अधिकारी नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. संस्कृतचा त्यांचा व्यासंग असा की लोक त्यांना पंडित म्हणत. भगवानलाल इंद्रजी यांनी अर्धवट सोडलेला गुजरातचा प्राचीन इतिहास त्यांनी गॅझेटिअरसाठी पुरा केला. कोकणातल्या समजुती आणि लोककथांची त्यांनी जमविलेली टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन यांनी प्रसिद्ध केली. ज्या कोकणात कान्हेरे जन्मले त्याच कोकणाच्या कहाण्या जॅक्सन वेचीत होते. काहींच्या मते ही विद्वत्ता म्हणजे दडपशाहीवर घातलेली शाल होती. मला ते पुरते पटत नाही. माणूस दोन्ही असू शकतो. मात्र बाबारावांच्या शिक्षेचा राग त्यामुळे अनाठायी ठरत नाही.

कटाचे सूत्रधार कृष्णाजी गोपाळ कर्वे होते, ते बी. ए. होऊन कायद्याचा अभ्यास करीत होते. त्यांचे सहकारी विनायक नारायण देशपांडे शिक्षक होते. औरंगाबादहून कान्हेरे मनमाडमार्गे रेल्वेने नाशिकला येत, लक्ष्य ओळखीचे करून घेत, पिस्तूल हाताळत. त्यांनी स्वतःचे एक छायाचित्रही काढून घेतले. मागे आठवण राहावी म्हणून. जॅक्सन यांची बदली झाल्याचे कळले आणि दिवस हाताशी थोडे उरले. निरोपासाठी विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळीचा शारदा नाटकाचा प्रयोग ठरला. कान्हेरे यांचा नेम चुकलाच तर देशपांडे, आणि तेही फसले तर कर्वे, अशी योजना होती. तिघेही अंगावर हत्यारे लपवून प्रेक्षकांत बसले. कोणाच्या काही ध्यानात आले नाही.

जॅक्सन आत आले तसे कान्हेरे पुढे झाले आणि अगदी जवळून त्यांनी पाठोपाठ गोळ्या झाडल्या. साहेब जागीच कोसळले. कान्हेरे स्वतःलाही संपविणार होते, पण आसपासच्या मंडळींनी झडप घालून त्यांना धरले. धरणारेही आपलेच लोक होते.

येथून पुढे त्या पिस्तुलाचा दुसरा स्वभाव दिसू लागला. ज्याचा सारा गुण लपण्यात, ते एकदा हाती लागल्यावर बोलू लागले. असे परदेशी, एकाच बनावटीचे हत्यार नाशिकच्या मुलाजवळ आले कोठून, हा प्रश्न पोलिसांना थेट मुंबईच्या त्या पेटीपर्यंत आणि पेटीवरून लंडनपर्यंत घेऊन गेला. चतुर्भुज अमीन माफीचे साक्षीदार झाले. 13 मार्च 1910 रोजी सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली. डिसेंबर 1910 मध्ये त्यांना पहिली जन्मठेप झाली आणि जानेवारी 1911 मध्ये जॅक्सनवधास साहाय्य केल्याबद्दल दुसरी. चोरून आणलेल्या रिव्हॉल्व्हरने हे काम झाले असते तर धागा कदाचित नाशिकमध्येच तुटला असता.

कान्हेरे यांचा खटला मुंबई हायकोर्टात तीन न्यायाधीशांपुढे चालला आणि 29 मार्च 1910 रोजी निकाल लागला. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी. सोमण, वामनराव जोशी आणि गणू वैद्य यांना जन्मठेप. दत्तात्रय जोशी यांना दोन वर्षे सक्तमजुरी. 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात तिघेही फासावर गेले. कान्हेरे यांचे वय तेव्हा अठराच्या आसपास होते. देह नातेवाइकांच्या स्वाधीन केले गेले नाहीत.

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाला आता हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव आहे. तेथे सकाळी माणसे फिरायला येतात, रणजीचे सामने होतात, आणि हाच काय तो कान्हेरे, असे पाटीकडे पाहून मुले विचारतात.