फुलर अल्ब्राइट : वाकलेल्या पाठीचे कारण शोधणारा वैद्य

उतारवयात बाईची पाठ वाकते, उंची चार बोटे कमी होते, न्हाणीघरात पाय घसरण्याचे निमित्त होऊन खुब्याचे हाड मोडते आणि मग अंथरूण सुटत नाही. घरोघरी पाहिलेले हे दृश्य. त्याला वयोमान म्हणून सोडून देण्याची रीत आपल्याकडेच होती असे नाही. १९३० च्या दशकातील अमेरिकी वैद्यकातही बहुतेकांची समजूत तीच होती. हे वय नसून व्याधी आहे, तिला कारण आहे आणि ते कारण शोधता येते, हे ज्यांनी आग्रहाने मांडले ते बॉस्टनचे डॉ. फुलर अल्ब्राइट.

१२ जानेवारी १९०० रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे त्यांचा जन्म झाला. वडील जॉन अल्ब्राइट हे मोठे उद्योगपती. शहराचे कलादालन त्यांच्याच देणगीतून उभे राहिले. मुलगा मात्र हार्वर्डमध्ये वैद्यकाकडे वळला, १९२४ साली पदवीधर झाला आणि बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. पुढील आयुष्याचा बहुतेक काळ त्यांनी याच रुग्णालयात काढला.

तेथे त्या काळी चार्ल्स मार्टेल नावाच्या एका रुग्णाची मोठी चर्चा होती. मार्टेल हे व्यापारी जहाजावरचे कप्तान. १९१८ साली सहा फूट एक इंच उंचीचा हा धिप्पाड माणूस १९२६ पर्यंत तब्बल सात इंचांनी खुजा झाला होता. हाडे पुन्हा पुन्हा मोडत होती, मूत्रातून कॅल्शियम वाहून जात होते. दोष गळ्यातील पॅराथायरॉइड या डाळीएवढ्या ग्रंथींत असावा, असा वैद्यांना संशय आला. पण गळा पुन्हा पुन्हा उघडूनही गाठ सापडेना. मार्टेल यांनी स्वतः शरीररचनेची पुस्तके वाचून काढली आणि गाठ छातीत असू शकते, तेथे शोधा, असा हट्ट धरला. १९३२ साली सातव्या शस्त्रक्रियेत ती खरोखरच छातीत सापडली. दुर्दैव असे, की तोवर मूत्रपिंडे खड्यांनी निकामी होत आली होती आणि काही आठवड्यांतच कप्तानाचा मृत्यू झाला. रुग्णाचे म्हणणे ऐकण्यात वैद्यकाला किती उशीर होतो, याचे हे उदाहरण अल्ब्राइट यांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले.

मधल्या काळात, १९२८-२९ मध्ये, अल्ब्राइट व्हिएन्नाला जाऊन याकोब एर्डहाइम या विकृतिशास्त्रज्ञाजवळ शिकून आले. पॅराथायरॉइड ग्रंथी आणि हाडे यांचे नाते प्रथम एर्डहाइम यांच्याच लक्षात आले होते. मात्र हाडांच्या विकारात ग्रंथी वाढते ती भरपाईसाठी, असे त्यांना वाटत असे. त्या मताला अनुसरून व्हिएन्नाचेच शल्यविशारद फेलिक्स मांडल यांनी एका ट्रामवाहकाच्या शरीरात आणखी ग्रंथी बसवून पाहिली. गुण आला नाही. मग १९२५ साली त्यांनी उलट केले, वाढलेली गाठच काढून टाकली आणि रुग्ण सुधारला. ज्या गुरूकडे अल्ब्राइट शिकले त्याचाच तर्क असा उलटा ठरला होता. सिद्धान्त कितीही मोठ्या माणसाचा असो, तो मोजून पाहिल्याखेरीज पदरात घेऊ नये, हा बाणा त्यांनी पुढे आयुष्यभर जपला.

हे मोजणे चाले ते रुग्णालयाच्या अवघ्या दहा खाटांच्या एका कक्षात. रुग्णाला तेथे कित्येक आठवडे ठेवत. अन्नाचा प्रत्येक घास वजन करून दिला जाई, पानात टाकलेले पुन्हा तोलले जाई, मलमूत्राचा थेंबही वाया न घालवता त्यातील कॅल्शियम व फॉस्फरस मोजले जाई. वाण्याच्या चोपडीसारखाच हा जमाखर्च. शरीरात आले किती, गेले किती आणि शिल्लक काय उरली, यावरून हाडात भर पडते आहे की घट होते आहे ते कळे. हाडाची घनता मोजणारे यंत्र तेव्हा नव्हतेच, आणि क्ष-किरण चित्रात विरळपणा दिसू लागे तो बरेचसे हाड गेल्यावर.

या हिशेबातून त्यांनी हाडांच्या विकारांची घोटाळ्यात पडलेली जंत्री सोडवली. पॅराथायरॉइडचा अतिरेक झाला तर हाड पोखरले जाते. जीवनसत्त्व ड कमी पडले तर हाडाचा साचा तयार होतो, पण त्यावर क्षार बसत नाहीत; मुलांत तो मुडदूस, मोठ्यांत अस्थिमृदुता. ऑस्टिओपोरोसिसमध्ये मात्र जे हाड असते ते जातीचे उत्तम असते, फक्त पुरेसे नसते. अशा रुग्णांच्या रक्तात कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही प्रमाणात सापडत. म्हणजे ग्रंथीचा दोष नाही, जीवनसत्त्वाचाही नाही. मग दोष कशाचा?

अल्ब्राइट यांनी आपले रुग्ण नीट पाहिले. साठी-पासष्टीच्या आत मणके खचलेल्यांत बहुतेक सगळ्या स्त्रिया होत्या आणि त्यांची पाळी थांबलेली होती. ज्यांची बीजकोशे तरुणपणीच शस्त्रक्रियेने काढावी लागली त्यांच्यात हे दुखणे आणखी लवकर दिसे. त्यांच्या जोडीला एक पक्षी आला. अंडी घालण्याच्या दिवसांत कबुतराच्या मादीच्या हाडांत कॅल्शियमचा साठा होतो आणि तो इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकामुळे होतो, असे इतर संशोधकांनी दाखवले होते. अल्ब्राइट यांनी हे धागे जुळवले, रुग्ण स्त्रियांना इस्ट्रोजेन देऊन पुन्हा जमाखर्च मांडला. शिल्लक वाढू लागली. १९४० आणि १९४१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि रजोनिवृत्तीनंतरचा ऑस्टिओपोरोसिस या व्याधीला वैद्यकात नाव मिळाले.

त्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. नवे हाड घडवणाऱ्या पेशी मंदावतात म्हणून हाड कमी पडते, असे ते मानत. पुढे दिसले ते असे, की इस्ट्रोजेन आटल्यावर जुने हाड खाणाऱ्या पेशी बेलगाम होतात आणि घडवणाऱ्या त्यांना पुरे पडत नाहीत. उपचाराचाही प्रवास सरळ झाला नाही. २००२ साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीत संप्रेरकांनी खुब्याचे अस्थिभंग खरोखर कमी होतात हे सिद्ध झाले, पण स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो हेही त्याच चाचणीने दाखवले. त्यामुळे आज केवळ हाडांसाठी ती सरसकट देत नाहीत. इतर औषधे आली आहेत. चाळिशी-पन्नाशीत पाळी थांबलेल्या स्त्रीला हाडांची काळजी घेण्यास वैद्य सांगतात, पुढे डेक्सा तपासणी सुचवतात, त्यामागचा मूळ विचार मात्र अल्ब्राइट यांचाच.

१९४२ साली त्यांनी आणखी एक विलक्षण कल्पना मांडली. काही रुग्णांत पॅराथायरॉइडच्या अभावाची सारी लक्षणे दिसत, पण त्या ग्रंथीचा अर्क टोचूनही उपयोग होत नसे. संप्रेरक आहे, शरीरच त्याला बहिरे आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. नाव दिले ते सेब्राइट जातीच्या कोंबड्याचे, कारण हा कोंबडा नर असूनही त्याची पिसे कोंबडीसारखी असतात. (नावाच्या स्पेलिंगमध्ये त्यांनी एक अक्षर जास्त घातले आणि ते वाङ्मयात तसेच राहिले.) त्याच वर्षी त्यांच्या हाताखालील तरुण डॉक्टर हॅरी क्लाइनफेल्टर यांच्यासह लिहिलेल्या निबंधावर त्यांनी पहिले नाव शिष्याचे घातले. तो विकार आज क्लाइनफेल्टरच्याच नावाने ओळखला जातो. हे श्रेय खरे अल्ब्राइट यांचे, असे त्या शिष्यानेच पुढे सांगितले.

हे सारे काम ज्या हातांनी चालले होते ते हात तेव्हा थरथरत होते. वयाच्या छत्तिशीच्या आसपास त्यांना कंपवाताने गाठले. प्रथम लिहिणे गेले, मग बुटाची नाडी बांधणेही अवघड झाले. मोटार चालवायला तरुण सहकारी असत. बोलणे इतके अस्पष्ट झाले, की रुग्णाच्या खाटेजवळ सवयीचा एखादा सहायक ते इतरांना उलगडून सांगे. तरी शनिवारचा मूतखड्याच्या रुग्णांचा बाह्यरुग्ण विभाग चुकला नाही. १९४८ साली एडवर्ड रायफेनस्टाइन यांच्यासह लिहिलेला पॅराथायरॉइड आणि अस्थिविकारांवरील ग्रंथ याच अवस्थेत पुरा झाला. दुसऱ्यांच्या शरीराचा हिशेब लावणाऱ्या या माणसापाशी स्वतःच्या दुखण्याला मात्र उपाय नव्हता.

१९५६ साली त्यांनी एक धाडसी निर्णय घेतला. मेंदूतील एका ठरावीक भागात अल्कोहोल टोचून कंप थांबवण्याची शस्त्रक्रिया तेव्हा नवीन होती. निकटच्या सहकाऱ्यांना ती धोक्याची वाटत होती आणि त्यांनी परावृत्त करण्याचा प्रयत्नही केला. ज्याने शेकडो रुग्णांवर नवे उपचार अजमावले, त्याने स्वतःवरच्या प्रयोगाला नकार द्यावा, हे त्यांच्या स्वभावात बसणारे नव्हते. वय ५६, गमावण्यासारखे थोडेच उरले आहे, असेही वाटले असेल. शस्त्रक्रियेत मेंदूत रक्तस्राव झाला. वाचा गेली आणि भोवतालची जाणीवही जवळजवळ गेली.

त्यांना मॅसॅच्युसेट्स जनरलमध्येच परत आणले गेले. पुढची तेरा वर्षे ते तेथील एका खोलीत पडून होते. दरम्यान त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉक्टर ठिकठिकाणी अस्थिविकारांचे विभाग चालवू लागले होते. शरीर संप्रेरकाला बहिरे असू शकते, या त्यांच्या कल्पनेला प्रयोगशाळेतील भक्कम पुरावा मिळाला तो १९६९ मध्ये. त्याच वर्षी ८ डिसेंबरला फुलर अल्ब्राइट यांचे त्या रुग्णालयात निधन झाले.