पोर्शन संपला, पण पोराचं काय?

आमच्या वसमतला पोर्शन संपला की नाही, यावरच बाई चांगल्या की कशा ते ठरतं. अशा वेळी मला ताराबाई मोडक आठवतात.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. राजकोटला शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. ती मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात रमल्या. अभ्यासक्रमात मूल कोंबायचं नाही, मुलाकडे बघून अभ्यास ठरवायचा, ही त्यांची वाट.

१९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. सोबतीला अनुताई वाघ. माँटेसरीची साधनं महागडी, म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं घेतली. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! १९५७ मध्ये त्या कोसबाडला गेल्या. तिथं गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९७३ मध्ये ताराबाई गेल्या. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, सरकारी योजनेतून देशभर अंगणवाड्या निघू लागल्या.

आपल्याकडे तर हळदीचा केवढा बाजार! हळकुंडांच्या ढिगातूनही दहाचा गठ्ठा शिकवता येतोच की. तेव्हा मैत्रिणींनो, पालकसभेत पोर्शनचं विचाराच, पण जे पोर मागं राहिलं त्याच्यासाठी काय केलं, हेही विचारा. पुस्तक पुढं ढकलणाऱ्या बाई आणि पोरासाठी थांबणाऱ्या बाई, यातला फरक तिथंच कळतो.